चार नंबरची बरणी

मुलं तिला फसफसबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. लिंबाच्या रसात खायचा सोडा टाकला की जे होतं त्यावरून पडलेलं हे नाव. पण ज्याने तिला कधी दहा मिनिटं एका जागी बसवायचा प्रयत्न केला असेल, त्याला या नावात सोड्याची गरजच वाटणार नाही. चहा उभ्याने, जेवण अर्धं उभ्याने, फोनवर बोलताना खिडकी ते दार आणि दार ते खिडकी. पायाला भिंगरी बांधून जन्माला आलेली बाई. तिची आई म्हणायची, "हिच्या वेळेला दवाखान्यात खाट रिकामी नव्हती. तेव्हापासून ही उभी आहे ती उभीच."

त्या बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ती घरातल्या फळीसमोर उभी होती आणि क्रेटमधल्या बरण्या एकेक करून फळीवर ठेवत होती. पाच ठेवून झाल्या. सहावीसाठी तिने हात घातला तर हाताला क्रेटचा तळ लागला. तिने पाचही बरण्या उलट्या करून पाहिल्या. एक, दोन, तीन, पाच, सहा. चार नव्हता.

या बरण्यांबद्दल आधी सांगायला हवं. त्या सगळ्या सारख्या होत्या, पारदर्शक, निळ्या झाकणाच्या, आणि सगळ्यांत पांढरी पूड होती. एकीत मीठ, दुसरीत साखर कुटून, तिसरीत मैदा, चौथीत धुण्याचा सोडा, पाचवीत खायचा सोडा, सहावीत लिंबूसत्त्व. बरणीवर नाव नाही. फक्त तळाला बोटाएवढा आकडा. तिसरीच्या मुलांना दर बुधवारी त्या द्यायच्या आणि म्हणायचं, ओळखा. मुलं चिमूट चिमूट बशीत काढत, जांभळ्या कोबीचं पाणी वर सोडत. पाणी गुलाबी झालं तर आंबट काहीतरी, निळं झालं तर खायचा सोडा, हिरवं-पिवळं झालं तर धुण्याचा, आणि नुसतं जांभळंच राहिलं तर मीठ, साखर नाहीतर मैदा. जीभ लावायची नाही, हा पहिला नियम. बरणीवर काही लिहिलेलं असलं तरी त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा दुसरा. "चिठ्ठीचं काय," ती मुलांना सांगे, "चिठ्ठी कोणीही चिकटवतं. चिठ्ठी खोटं बोलते. पाणी खोटं बोलत नाही." मुलांना हे फार आवडे. दुसऱ्या दिवशी ती घरच्या मिठावरही संशय घेत आणि आयांचा मार खात.

बुधवारचा हा तास शाळेच्या स्वयंपाकघरात होई, कारण लांब टेबल आणि पाण्याचा नळ एकत्र दुसरीकडे कुठेच नव्हते. नऊ ते साडेदहा फसफसबाईंचे, त्यानंतर स्वयंपाकाच्या मावशींचे. मावशी ते टेबल सोडताना असा चेहरा करत, जणू त्यांच्या अंगावरचं पांघरूण कोणी ओढून घेतंय. तरी बारा निळ्या झाकणांच्या बरण्यांपैकी सहा मावशींनीच दिल्या होत्या. उरलेल्या सहा त्यांच्या मांडणीवर होत्या, आणि त्यांच्यावरही नाव नव्हतं. मावशींना नाव कशाला लागतं? मीठ डावीकडून दुसरं. झालं.

म्हणजे आता शाळेच्या स्वयंपाकघरात कुठेतरी निळ्या झाकणाची, बिनानावाची, पांढऱ्या पुडीची एक बरणी जास्त होती. आणि साडेबाराला दीडशे मुलं जेवायला बसणार होती.

एरवी असं होत नसे. तास संपला की मुलंच मोठ्याने मोजत बरण्या क्रेटमध्ये भरत, सहा म्हणून झाल्याशिवाय कोणी दाराबाहेर जात नसे. पण आज तास संपायच्या आधीच मोठ्या बाईंनी तिला कचेरीत बोलावलं. मुलं वर्गात गेली. मोठ्या बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षापासून तिसरी आणि चौथी, आठवड्याला दोन-दोन तास, तुमच्या नावाने वेळापत्रकात घालतेय." वेळापत्रकात. तिच्या नावाने. बावीस वर्षं साबणाच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत काढलेल्या बाईला, जिला कारखाना बंद झाल्यावर कोणी दारात उभं केलं नव्हतं, तिला. ती परत स्वयंपाकघरात आली, हाताला लागेल ते क्रेटमध्ये भरलं आणि निघाली. मोजलं नाही. आनंदात माणूस मोजत नाही, आणि तिला आनंदाची फारशी सवयही नव्हती.

"काय गं, काय हरवलं?" आईने विचारलं. म्हातारी खिडकीपाशी मटार सोलत बसली होती.

"काही नाही."

"काही नाही हरवलं की तू एवढी शोधत नाहीस."

तिने शाळेच्या कचेरीत फोन लावला. लागत नव्हता. नवीन प्रवेशाचे दिवस होते, त्या फोनचा रिसीव्हर बहुतेक दिवसभर बाजूलाच काढून ठेवलेला असे. तिने पाच वेळा लावला. मावशींचा नंबर तिच्याकडे नव्हता. मोठ्या बाईंचा होता, पण तो लावायला तिचा अंगठा धजेना. दोन तास आत्ताच हातात पडले होते. आता मोठ्या बाईंना काय सांगायचं? की तुमच्या मुलांच्या जेवणात मी धुण्याचा सोडा सोडून आलेय?

म्हणून तिने भावाला फोन लावला. शाळेच्या फाटकासमोरच त्याचं किल्ल्यांचं दुकान होतं. रस्ता ओलांडला की स्वयंपाकघर. बारा वेळा घंटी वाजली. त्याने उचलला नाही. तो कधीच उचलत नसे. त्याचा आवाज म्हणजे आवाज नव्हता, घशातून निघणारी नुसती हवा होती. फोनवर लोक "हॅलो, हॅलो" करत आणि ठेवून देत. समोर बसलेल्या माणसाला त्याचं बोलणं कळे, तेही मशीन बंद असेल तर.

'चारची बरणी स्वयंपाकघरात राहिली, मावशींना सांग,' असा निरोप तिने लिहून पाठवला आणि पायात चपला सरकवल्या.

"परत निघालीस?" आई म्हणाली. "अगं, आत्ता तर आलीस. घोटभर पाणी तरी."

"आल्यावर पिते."

"आल्यावर तू परत जातेस."

बस लगेच मिळाली, तेवढंच बरं. तिला बसायला जागाही मिळाली, पण ती दांड्याला धरून उभी राहिली, जणू तिच्या उभं राहण्याने बस जोरात पळणार होती. अकरा चाळीस. एक गोष्ट ती स्वतःला परत परत सांगत होती, की धुण्याच्या सोड्याने कोणी मरत नाही. तोंड भाजल्यासारखं होईल, उलट्या होतील, पोट बिघडेल. मूठभर पडला तर सूप साबणासारखं लागेल, पहिल्याच घासाला मुलं थुंकून टाकतील. हे तिला पाठ होतं. पण पाठ असलेलं सगळं डोक्यात एका बाजूला होतं, आणि दुसऱ्या बाजूला चार वर्षांचा एक मुलगा होता आणि बाटली होती.

बाटली हिरव्या काचेची होती, सरबताची. वर चिठ्ठी होती, तिच्यावर पिवळं लिंबू. आई तेव्हा एका मोठ्या खाणावळीचे टेबलावरचे कपडे धुवायला आणायची. डाग काढायला कॉस्टिकचं पाणी करून ठेवायची आणि रिकामी जी बाटली असेल तीत भरायची. फसफसबाई तेव्हा सात वर्षांची होती, नुकतंच अक्षराला अक्षर जोडून वाचायला लागली होती आणि घरात दिसेल ते मोठ्याने वाचत सुटली होती. धाकटा मागे मागे असायचा. त्या दुपारी तिने चिठ्ठीवर बोट ठेवून त्याला वाचून दाखवलं. लिंबू सरबत. आणि बूच काढून बाटली त्याच्या हातात दिली.

एकच घोट. पण त्या एका घोटाने त्याचा घसा गेला, सहा महिने दवाखाना झाला आणि आवाज परत आला तो असा. घरात ही गोष्ट पुढे एकाच पद्धतीने सांगितली गेली: त्याला बाटली सापडली. आई स्वतःलाच दोष द्यायची, बाटलीत मी भरलं म्हणून कपाळ बडवून घ्यायची. आणि सात वर्षांची मुलगी गप्प राहिली. मग दहा वर्षांची झाली तरी गप्प, मग वीस वर्षांची. गप्प राहायलाही एक मुदत असते. ती टळली की माणसाला बोलायला तोंड उरत नाही.

त्यानंतर तिने कुठल्याही चिठ्ठीवर विश्वास ठेवला नाही. कारखान्यात तिचं काम तरी काय होतं? तयार साबणाची कपची काढायची, तिच्यावर थेंब टाकायचा. थेंब गुलाबी झाला तर साबणात कॉस्टिक उरलंय, सगळा माल परत कढईत. कारकुनाने कागदावर "ठीक" लिहिलेलं असलं तरी ती थेंब टाके. तिच्यामुळे कारखान्यात फार जणांचा खोळंबा झाला, पण बावीस वर्षांत तिच्या हातून एक वाईट वडी बाहेर गेली नाही. कारखाना बंद झाल्यावर ती भावाच्या दुकानात येऊन बसायची, म्हणजे उभी राहायची. शाळा सुटल्यावर पालकांची वाट बघत पोरं तिथे रेंगाळत. एक दिवस तिने काउंटरवर जांभळं पाणी मांडलं. मोठ्या बाई कपाटाची किल्ली करून घ्यायला आल्या होत्या त्यांनी ते पाहिलं, आणि बुधवार सुरू झाले.

रस्ता खोदून ठेवला होता. बस मुंगीच्या पावलाने चालायला लागली, मग तेही बंद झालं. बारा अठरा. तिने कंडक्टरला दार उघडायला सांगितलं.

"इथे थांबा नाही, बाई."

"थांबलीच आहे ना गाडी. मग थांबाच झाला."

कंडक्टरने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि दार उघडलं. तिथून दोन थांबे ती पळत गेली. पन्नाशीला टेकलेली बाई साडी वर खोचून खोदलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवरून उड्या मारत चाललेली पाहून एका माणसाने तिला विचारलंही, की कोणी मागे लागलंय का. तिने त्याला हो म्हणून सांगितलं.

शाळेच्या फाटकासमोर भाऊ दुकानाच्या पायरीवर आला होता. त्याने हात वर करून काहीतरी दाखवलं, ओठही हलवले. ती थांबली नाही. "नंतर, नंतर," असा हात झटकत ती फाटकातून आत गेली. त्याच्या हाताकडे एकदा नीट पाहिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण भावाच्या तोंडाकडे पाहून त्याचं बोलणं ऐकायला थांबावं लागतं, आणि थांबणं तिला कधी जमलं नव्हतं.

स्वयंपाकघर रिकामं होतं. मोठं पातेलं शेगडीवर नव्हतं, म्हणजे वाढायला गेलं. मांडणीवर डावीकडून दुसरी बरणी होती, निळं झाकण उघडं, आत चमचा उभा. तिने ती उचलून तळ पाहिला. तळाला ओलं पीठ लागून वाळलं होतं, आकडा आहे की नाही कळेना. तिने नखाने खरवडायला घेतलं, आणि तेवढ्यात बाजूच्या जेवणाच्या खोलीतून दीडशे चमच्यांचा आवाज सुरू झाला.

ती बरणी घेऊनच आत धावली.

"कोणी खाऊ नका. चमचे खाली ठेवा. सगळ्यांनी."

अशा आवाजात ती कधी बोलली नव्हती. खोलीतला आवाज एकदम बंद पडला. पहिलीतलं एक पोर रडायला लागलं. मोठ्या बाई कोपऱ्यातल्या टेबलावरून उठल्या. मावशी पातेल्याशेजारी डाव घेऊन उभ्या होत्या, त्यांचा डाव हवेतच राहिला.

"काय झालं?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"माझी एक बरणी इथे राहिली. धुण्याच्या सोड्याची. मिठाच्या बरणीसारखीच दिसते." तिने हातातली बरणी वर केली. "ही ती असेल. सुपात गेली असेल."

"काय गेली असेल?" मावशींनी डाव पातेल्यात आपटला. "माझ्या सुपात? बाई, तीस वर्षं रांधतेय मी. मीठ आणि सोडा मला कळत नाही?"

"दिसायला सारखंच असतं, मावशी."

"दिसायला असेल. हाताला नसतं." आणि मावशींनी सगळ्यांसमोर एक डाव भरून सूप घेतलं, फुंकर मारली आणि पिऊन टाकलं. मग कमरेवर हात ठेवून त्या फसफसबाईंकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या कोणाला तेवढं पुरलं असतं. तिला पुरलं नाही. मावशींच्या फ्रिजमध्ये जांभळ्या पाण्याची बाटली होती, सकाळच्या तासातली उरलेली. ती जाऊन घेऊन आली. तिसरीच्या टेबलावर एक बशी ओढली, तीत बरणीतली चिमूट टाकली, वर पाणी सोडलं. घाईत अर्धं पाणी टेबलावर गेलं. दुसऱ्या बशीत बटाट्याचं सूप घेतलं, त्यातही सोडलं. तिसरीची मुलं उठून भोवती आली. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण बशी आणि जांभळं पाणी दिसल्यावर लांब उभं राहायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

"जांभळंच आहे," एक मुलगी म्हणाली.

"थांब जरा."

"बाई, हिरवं नाही होत. मीठ आहे हे." तिने दोन्ही बशा निरखून पाहिल्या. "दोन्हींत काही नाही. आज पण प्रयोग होता का?"

फसफसबाईंनी मान हलवली. हो की नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सूप चांगलं होतं. मीठ मीठच होतं. दीडशे मुलांचं जेवण गार होत होतं आणि पहिलीतलं ते पोर अजून मुसमुसत होतं.

मोठ्या बाईंनी तिला दाराबाहेर नेलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पण मग ती बरणी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"एखाद्या मुलाने घरी नेली असेल?"

हा विचार तिला बसमध्ये सुचला नव्हता. आता सुचला.

"नाव का नव्हतं हो तिच्यावर?" मोठ्या बाई म्हणाल्या. आणि मग, "पुढचा बुधवार राहू द्या. वेळापत्रकाचंही मी जरा थांबवते. आधी ती बरणी सापडू दे."

ती तिसरीच्या वर्गात गेली, एकेका मुलाला विचारलं. दप्तरं पाहिली. स्वयंपाकघरात मांडणीवरच्या सहाही बरण्या पुन्हा मोजल्या, टेबलाखाली पाहिलं, कचऱ्याचा डबाही उपसला. मावशी भांडी आवरता आवरता बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं असतं बाई. बसा जरा घटकाभर, आठवेल आपोआप."

"मला नाही बसता येत."

"ते दिसतंच आहे." मावशींनी जांभळ्या पाण्याची बाटली उचलली, क्षणभर हातात धरली आणि परत फ्रिजमध्ये ठेवली. "ही असू दे इथेच," एवढंच बोलल्या आणि भांड्यांकडे वळल्या.

ती फाटकाबाहेर आली तेव्हा एक वाजून गेला होता. भावाचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली जेमतेम एक माणूस मावेल अशी फट होती, आणि त्या फटीतल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी होती. तेलाच्या बाटलीवर तेल, खिळ्यांच्या डब्यावर खिळे, पाण्याच्या बाटलीवर पाणी. कात्री ज्या खिळ्याला टांगलेली असे त्या खिळ्याखाली कात्री. ती त्याला कायम चिडवायची, की हे दुकान आहे का औषधांचं कपाट, आणि कात्री दिसत नाही का तुला. तो नुसता हसायचा.

काउंटरवर निळ्या झाकणाची बरणी होती. तिच्यावर नवी कोरी चिठ्ठी होती, शाई अजून चकाकत होती. धुण्याचा सोडा. खायचा नाही.

फसफसबाई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. कोणी न सांगता बसली.

भावाने मशीन बंद केलं आणि तिच्याजवळ वाकला. "सकाळी जाताना तू इथे थांबलीस, तेव्हा क्रेटमधून घेतली मी. जुन्या किल्ल्यांचं तेल काढायला. तूच गेल्या आठवड्यात म्हणालीस, चारमध्ये आहे, हवा तेव्हा घे." त्या हवेच्या आवाजात तो सावकाश बोलत होता. "तुला दाखवली. तू वेळापत्रकाचं सांगत होतीस. मान हलवलीस."

"मी बघितलंच नाही."

"माहीत आहे. मशीन चालू होतं, तुझा निरोप उशिरा पाहिला. आत्ता पळत गेलीस तेव्हाही दाखवली."

"मी दीडशे मुलांचं जेवण थांबवलं," ती म्हणाली. "मावशींचा अपमान केला. तास गेले माझे."

त्याने तिला पाणी दिलं, ज्या बाटलीवर पाणी लिहिलं होतं त्यातलं. तिने बाटली नाकाशी नेली, वास घेतला आणि मग प्यायली. हे करताना तो तिच्याकडे बघतोय हे तिला कळलं, आणि तिला रडू फुटलं. भर दुपारी, भर रस्त्यावर, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर.

"बाटली तुला सापडली नव्हती," ती म्हणाली. "मी दिली होती. मीच."

"माहीत आहे."

"तुला कसं?"

"मीच होतो ना तिथे." तो हसला. हसताना त्याचा आवाज येतच नसे, फक्त खांदे हलत. "लिंबावर बोट ठेवून वाचून दाखवलंस. मला वाटलं, ताईला केवढं येतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? आईला तरी सांगायचं."

"आवाज कुठे होता तेव्हा?" तो म्हणाला. "आणि आवाज आला तोवर तू इतकी पळायला लागली होतीस, की थांबवून सांगणार कसं?"

एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. भावाने त्याला बोटाने थोडं थांबायला सांगितलं. मग खालच्या खणातून कोऱ्या चिठ्ठ्यांची चळत काढली, जाड निबाचं पेन काढलं आणि काउंटरवर जागा केली. दुधाने तोंड पोळलेली ही दोन माणसं. एकीने जन्मभर चिठ्ठ्या टाकून दिल्या, दुसरा जन्मभर खऱ्या चिठ्ठ्या लिहीत बसला. ताक दोघेही फुंकूनच पीत होते, आणि हे तिला बेचाळीस वर्षांनी, त्या स्टुलावर बसल्यावर कळलं.

"मुलांना नाव दिसता कामा नये," ती डोळे पुसत म्हणाली. "दिसलं तर ओळखायचं काय त्यांनी?"

"तळाला लाव. आकड्याशेजारी."

"आणि मांडणीवर ठेवल्यावर मावशींना कसं दिसेल?"

"बरणी उलटी करून पाहतील. एवढं तर पाहतीलच, आजच्यानंतर." त्याने पेनाचं टोपण काढलं. "एक नंबरात काय?"

"मीठ."

त्याने लिहिलं. त्याचं अक्षर मोठं, टपोरं होतं, लहान मुलालाही वाचता येईल असं. चिठ्ठी वाळावी म्हणून त्याने तिच्यावर फुंकर घातली आणि ती तिच्यापुढे सरकवली. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत होतं. तिने चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि सात वर्षांची असताना वाचायची तसं, अक्षराला अक्षर जोडून, मोठ्याने वाचलं.

"नक्की?" भावाने विचारलं.

"नक्की," ती म्हणाली, आणि दुसरी चिठ्ठी लिहून होईपर्यंत बसून राहिली.